ऑपरेशनच्या हॉलमधलं कापड

माझ्या नणंदेला सगळे चिंधीताई म्हणतात. हे नाव माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, लहानपणी चिडवायला ठेवलेलं. शिंप्याच्या दुकानाबाहेर पडलेल्या चिंध्या ती गोळा करून आणायची आणि उशीखाली दडवायची. पुढे ती कलाकार झाली, मोठमोठ्या दालनांत तिची कामं लागली, तरी घरात नाव तेच राहिलं. निमंत्रणपत्रिकेवर तिचं खरं नाव छापलेलं पाहून माझा नवरा म्हणायचा, "ही बाई कोण? आमच्या चिंधीला बोलावलेलं दिसत नाही."

ती एकटी राहते, आमच्या पुढच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत. आधी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. ती नोकरी सोडून तिने जे सुरू केलं ते मला नीट सांगता येत नाही. जुनी कापडं घ्यायची, चहाच्या पाण्यात उकळायची, गंजक्या खिळ्यांसोबत गुंडाळून ठेवायची म्हणजे त्यावर तांबूस डाग उमटतात. मग एकावर एक थर लावून बारीक टाके घालायचे. मध्येच मेण ओतायचं, कागद चिकटवायचा, पत्र्याचा तुकडा शिवायचा. देवाधर्माच्या वाटेला ती कधी गेली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "टाके घालताना कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखं वाटतं, वहिनी. माझं अध्यात्म तेवढंच."

तिच्या प्रत्येक कामाची एक बाजू ती तशीच सोडायची. काठ दुमडायची नाही, आडवे धागे काढून टाकायची आणि उभे धागे लोंबते ठेवायची. मी रुग्णालयात कपड्यांचं कोठार सांभाळते. चादरी, अभ्रे, पडदे, ऑपरेशनचे हिरवे झगे, धुऊन आलेलं मोजून घ्यायचं आणि फाटलेलं बाजूला काढायचं, हे माझं काम. त्यामुळे सुटा काठ दिसला की माझे हात शिवशिवतात. "एवढं राहिलंय ना?" असं मी दर वेळी म्हणायची आणि ती दर वेळी म्हणायची, "ते तसंच असतं."

आमच्या रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी कुठेतरी तिचं काम पाहिलं. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकांना बसायचा हॉल आहे, त्याची एक भिंत रिकामी होती. "तिथे लोक बसून बसून वेडे होतात," ते तिला म्हणाले. "त्यांना डोळे ठेवायला काहीतरी हवं. फक्त डोंगर आणि तळं नको."

चिंधीताईने माझ्या कोठारातल्या बाद चादरी मागून घेतल्या. जखमेवर बांधायच्या जाळीदार पट्ट्या घेतल्या. एक्स-रेच्या जुन्या फिल्म कापून त्यांची पानं केली. कितीतरी महिने ती त्यात बुडून होती. भिंतीवर कापड चढवलं तेव्हा मी कामं सोडून बघायला गेले. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पुन्हा पांढरं. लांबून बघितलं तर कुणीतरी नुकतंच अंथरुणातून उठून गेल्यासारखं वाटायचं. ट्यूबलाइटचा उजेड पडला की त्या पानांमधून बोटांची, बरगड्यांची हाडं पुसट दिसायची. आणि खालून धागे लोंबत होते, थेट बाकावर बसलेल्या माणसाच्या हाताशी.

सुरुवात एका आईपासून झाली. तिचा मुलगा बांधकामाच्या परांचीवरून पडला होता आणि तो वाचेल असं कुणी म्हणत नव्हतं. ती बाई दिवसभर त्या कापडाखाली बसली, हातात एक धागा घट्ट धरून. मुलगा वाचला. जाताना ती झाडू मारणाऱ्या मावशींना म्हणाली, "ह्या कापडाने त्याला सोडलं नाही." मावशींच्या पोटात काही राहत नाही. आठवडाभरात अख्ख्या रुग्णालयाला कळलं.

चिंधीताईला मी हे सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "इतकी वर्षं लोकांनी हात लावू नये म्हणून पाटी लावावी लागायची. आता हात लावायला रांग!"

मग लोक धागे ओढून नेऊ लागले. आत जाणाऱ्याच्या मुठीत द्यायचे, उशीखाली ठेवायचे. मावशी मला म्हणाल्या, "तुमच्या नणंदबाईंच्या कापडाला टक्कल पडायला लागलंय हो." ते उघडंबोडकं दिसू लागलं म्हणून चिंधीताई सुई घेऊन आली आणि हॉलमध्ये स्टुलावर बसून नवे धागे ओवायला लागली. तिला वाटलं, दुरुस्ती करतेय. बाकावरच्या लोकांना वाटलं, ही तीच बाई, धाग्याला गुण देणारी.

एक म्हातारे गृहस्थ उठून तिच्याजवळ आले. "धागा ओवताना तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही. घरी असले की रेडिओ लावते."

"सांगायचं नसेल तर राहू द्या," ते म्हणाले आणि हळूच तिच्या कोपराला हात लावून परत जागेवर बसले.

हे सांगताना ती हसली खरी, पण कोपर चोळत होती.

त्यानंतर तिच्या दारात कपडे यायला लागले. आधी एक पुरुषाचा सदरा, नीट घडी घातलेला. मग एक स्कार्फ. मग एका लहान मुलाचं स्वेटर, त्याच्या बाहीला वाळलेल्या भाताचं शीत चिकटलेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. दार उघडलं की पायरीवर गाठोडं. कोण कधी ठेवून जातं, दिसायचं नाही. जिन्यात पावलं वाजायची, ती दाराशी जाईपर्यंत खाली उतरलेली असायची.

"टाकता येत नाहीत गं," ती मला म्हणाली. "आणि त्यांना हवं तसं त्या कापडात शिवताही येत नाहीत. त्या सदऱ्याला अजून माणसाचा वास आहे. तो माणूस आहे की गेला, हे मला माहीत नाही आणि त्याचा सदरा माझ्या घरात लटकतोय."

तिने ते सगळे कपडे कामाच्या खोलीत ठेवले आणि त्या खोलीत जाणं सोडलं. स्वयंपाकघरातच चटई टाकून झोपायला लागली. जेवायला आमच्याकडे आली की दाराकडे तोंड करून बसायची. बेल वाजली की तिच्या हातातला घास तसाच राहायचा. माझा नवरा आधी थट्टा करायचा, "आता तू आशीर्वाद दे आणि आम्ही बाहेर चपला सांभाळतो." ती कशालाच हसत नाही म्हटल्यावर त्यानेही थट्टा सोडली.

मग रंगारी आला.

तिच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे बंद दुकानाची पायरी आहे. एक माणूस तिथे येऊन उभा राहायला लागला. मध्यम वय, पँटवर चुन्याचे आणि निळ्या रंगाचे शिंतोडे. सकाळी यायचा, कामावर जायची वेळ झाली की जायचा, संध्याकाळी परत. खिडकीकडे बघायचा. बोलायचा नाही, विडी ओढायचा नाही, फोन बघायचा नाही. नुसता उभा.

चिंधीताईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ओळखू येईना. "वहिनी, हॉलमध्ये बघितलंय मी त्याला. बायकोला घेऊन आला होता. मी धागे ओवत होते आणि तो माझ्यामागे उभा होता. ती बाई गेली असणार. तो त्याचा जाब विचारायला आलाय."

मी कामावर चौकशी केली. खरं होतं. बायको ऑपरेशनमध्येच गेली होती.

ती घराबाहेर पडेना. पडदे लावून घेतले, पण पडद्याच्या फटीतून तो आहे का हे बघितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. असला तर ती खिडकीपासून हलायची नाही. नसला तर अजून वाईट, कारण मग तो जिन्यात असेल असं वाटायचं. माझा नवरा म्हणाला, "पोलिसांत जाऊ." ती म्हणाली, "काय सांगायचं? रस्त्यावर उभा राहतो म्हणून? त्याची बायको गेलीय रे."

शेवटी एका संध्याकाळी माझा नवरा आणि मी दोघे त्या पायरीपाशी गेलो. नवऱ्याने आवाज चढवून सुरुवात केली, "काय हो, काय काम आहे तुमचं?" त्या माणसाने नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मला बाईंना एकच गोष्ट विचारायची आहे. दार वाजवायचा धीर होत नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी वर जाऊन चिंधीताईला सांगितलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. म्हणाली, "तू माझ्याशेजारी बस. उठू नकोस."

रंगारी आला, चपला बाहेर काढून खुर्चीच्या अगदी कडेला बसला. माझा नवरा दारातच उभा राहिला. त्या माणसाने खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. त्यात पांढऱ्या धाग्याचे दोन तुकडे होते.

"मी ओढला तेव्हा तुटला," तो म्हणाला. "बाकीच्यांचे अख्खे आले. मी घाई केली, झटका दिला. तुटल्यावर दुसरा घ्यायला हवा होता का? मी हाच गाठ मारून तिच्या हातात दिला. त्याने झालं का?"

तो जाब विचारायला आलाच नव्हता. आपल्या हातून बायको गेली, असं धरून तो चालला होता, आणि खरं-खोटं फक्त ही बाई सांगू शकेल म्हणून इतके दिवस रस्त्यावर उभा होता.

"तो साधा धागा आहे हो," चिंधीताई म्हणाली. "चादरीतला. माझ्या वहिनीच्या कोठारातली बाद चादर. त्यात काहीही नाही."

"मग बाकीचे कसे वाचले?"

"डॉक्टरांनी वाचवले."

"तेच डॉक्टर होते," तो म्हणाला.

मी चिंधीताईचा हात धरला. आणि मग तिने जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या तिच्या सख्ख्या भावानेही ऐकलं नव्हतं. तेव्हा तो पाळण्यात होता.

"आमची आई आजारी होती तेव्हा मी सहा वर्षांची होते. मी मध्येमध्ये लुडबुड करायची. आत्याने मला पलंगाशी बसवलं, आईच्या शालीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हे धरून बस, म्हणजे आई कुठे जाणार नाही. मला गप्प बसवायला म्हणाली असेल. मी धरून बसले. मग मला झोप लागली. उठले तेव्हा शाल माझ्या हातात नव्हती आणि पलंग रिकामा होता." तिने पुडीतल्या तुकड्यांकडे बघितलं. "मी झोपले म्हणून आई गेली, हे मी किती वर्षं धरून होते, तुम्हाला सांगू? शाळेत शिकवायला लागले तरी. आणि आता मीच भिंतीवरून लोकांच्या हातात टोकं देत बसले."

रंगाऱ्याने विचारलं, "पण आत्याचं खोटं होतं, हे तुम्हाला कधी पटलं?"

चिंधीताईने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. तो पुडी बांधून, खिशात ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "कापड उतरवा." डॉक्टर ऐकेनात. ते लागल्यापासून हॉलमध्ये आरडाओरडा कमी झाला होता, नर्सच्या अंगावर कुणी धावून जात नव्हतं. "लोकांना आधार वाटतो. तुमचं काय जातं?" ती म्हणाली, "तुम्ही उतरवणार नसाल तर मी उतरवते." डॉक्टरांना वाटलं, रागाने बोलतायत.

सकाळी हॉल गच्च भरलेला असताना ती शिडी आणि कात्री घेऊन आली. मला मावशींनी पळत येऊन सांगितलं. मी पोहोचले तेव्हा ती शिडीवर चढली होती आणि खाली लोक गोळा झाले होते. कुणी ओरडत नव्हतं. तेच भयंकर होतं. माणसं एकेक करून बाकावरून उठली आणि शिडीभोवती येऊन उभी राहिली. मग एका माणसाने शिडीला हात लावला. मग दुसऱ्याने. ते शिडी हलवत नव्हते आणि सावरतही नव्हते, नुसते हात ठेवून वर बघत होते.

एक बाई पुढे झाली. तिला धाप लागली होती. "माझी मुलगी आत आहे. आत्ता उघडलीय तिला. ती बाहेर येईपर्यंत तरी ठेवा. नंतर जाळा हवं तर."

चिंधीताईने कात्री मिटून झोळीत टाकली. ती उतरली. उतरताना लोकांनी वाट दिली, पण जेमतेम तिचं अंग जाईल एवढीच. ती त्या बाईशेजारी जाऊन बसली. मला वाटलं आता ती घरी जाईल, पण ती बसूनच राहिली. नंतर मला म्हणाली, "मी गेले असते आणि पोरगी दगावली असती तर त्या बाईने जन्मभर माझं ते शिडीवर चढणं आठवलं असतं. आणि मीही."

दुपार उलटली. थिएटरचं दार उघडलं की सगळ्या माना वळायच्या. चिंधीताईचं लक्ष मात्र दाराकडे नव्हतं. ती मान खाली घालून बसली होती आणि ओठ हलत होते. जन्मात जी कधी प्रार्थना करत नाही ती काय पुटपुटत होती, मी विचारलं नाही.

मुलगी बाहेर आली. शुद्धीवर येत होती, धोका टळला होता. आई रडत रडत आधी स्ट्रेचरकडे धावली आणि मग वळून चिंधीताईच्या गळ्यात पडली. लगेच बाकीचे हात पुढे आले. कुणी खांद्याला, कुणी केसांना, कुणी तिच्या झोळीला हात लावत होतं. मी कशीबशी तिला ओढून बाहेर काढलं आणि कोठारात आणून दाराला कडी घातली. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये ती जमिनीवर बसली.

"वाचली ती," ती म्हणाली. "आता मला कोण सोडणार?"

कापड उतरवता येत नाही, हे तिला कळून चुकलं. पण पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, या वेळी सुई-दोरा घेऊन. लोंबते धागे आत घेऊन खालचा काठ दुमडून शिवायचा, म्हणजे ओढायला काही उरणार नाही. मी तिच्यासोबत बसले. लोक बघत होते, पण शिवणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. त्यांना वाटलं, अजून काहीतरी घालतेय.

रंगारीही आला. त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे. तो समोरच्या बाकावर बसून बघायला लागला. चिंधीताईने त्याला पाहिलं आणि पुढचा टाका घातला. जाड थरांतून सुई ओढताना दोरा तुटला. तिने पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. इतकी मुरलेली बाई, पण त्या दिवशी तिच्या हातात दोरा टिकेना. कधी गाठीपाशी, कधी सुईच्या नेढ्यात, कधी मधूनच. ती तुटलेला तुकडा खाली टाकायची, थुंकी लावून नवा ओवायची आणि पुढचा टाका घालायची.

बऱ्याच वेळाने रंगारी उठून जवळ आला. जमिनीवर पडलेल्या तुकड्यांकडे बघत म्हणाला, "सारखा तुटतो का हो?"

"सारखा," ती म्हणाली. "जोर लागला की तुटतो. कधी नाही लागला तरी तुटतो."

तो खाली वाकला आणि कापडाची दुमड दोन्ही हातांनी धरून ठेवली, तिला शिवायला सोपं जावं म्हणून. काठ संपेपर्यंत त्याने ती सोडली नाही. जाताना त्याने त्याची ती पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. तो नुसता गेला. पायरीवर मात्र परत कधी उभा राहिला नाही.

दारातले कपडे मी रुग्णालयाच्या लाँड्रीत धुऊन घेतले आणि हॉलमधल्या कपाटात ठेवले. काही लोकांनी ओळखून नेले, काही कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चढले. वास गेल्यावर चिंधीताई कामाच्या खोलीत परत झोपायला लागली.

काठ शिवून उपयोग झाला असं म्हणता येणार नाही. ओढता येईना तेव्हा लोक शिवलेल्या काठाला हात लावू लागले. तो काळपट झाला, तेलकट झाला. मग जंतुसंसर्गाची तपासणी करणारी माणसं आली आणि त्यांनी एका दमात ते कापड उतरवायला लावलं. चिंधीताईला जे शिडी घेऊन जमलं नाही ते एका सहीने झालं. कापड आता माझ्या कोठारात वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलंय. भिंत रिकामी आहे. येणारे लोक आता त्या भिंतीलाच हात लावतात. ज्यांनी कापड कधी पाहिलंही नाही तेसुद्धा.

हे तिला सांगावं की नाही याचा मी खूप विचार केला आणि शेवटी सांगितलं. ती गॅसवर मेण वितळवत होती. हात थांबवून तिने विचारलं, "नुसत्या भिंतीला?"

"नुसत्या भिंतीला."

"म्हणजे मी नसते तरी..." ती म्हणाली आणि वाक्य पुरं न करता मेण ढवळायला लागली. तिचा चेहरा मात्र सैल झाला होता.

ती आता पुन्हा काम करते. छोटी कामं, मांडीवर मावतील एवढी, आणि चारही काठ पक्के शिवते. कुणी लावायला मागितली तर काचेची चौकट असेल तरच देते. भीती गेली का, असं माझा नवरा विचारतो. मला तसं वाटत नाही. परवा दुपारी मी तिच्याकडे बसले होते. जिन्यात पावलं वाजली, हळू चढणारी, मध्येच थांबणारी. तिची सुई कापडात अर्धी तशीच राहिली. मी उठून दार उघडलं. विजेचं मीटर बघणारा माणूस होता, दम खात उभा. मी आत वळून सांगितलं, "मीटरवाला आहे, ताई."

तिने मान डोलावली, पण तो जिना उतरून फाटकाबाहेर पडल्याचा आवाज येईपर्यंत सुई पुढे गेली नाही.